लेन्सच्या कड्यावरचे आकडे

श्रोतेहो, कॅमेऱ्याच्या दुकानात आपण सर्वांत आधी विचारतो तो मेगापिक्सेलचा आकडा, आणि विक्रेताही तोच पुढे करतो. स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या बाबतीत हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कामाचे आकडे लेन्सभोवतीच्या कड्यावर इतक्या बारीक अक्षरांत छापलेले असतात की माझ्या वयाच्या माणसाला ते वाचण्यासाठी चष्मा पुसून घ्यावा लागतो. आज मी परवडणाऱ्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांविषयी बोलणार आहे ते त्या आकड्यांच्या आधारे.

‘परवडणारा’ म्हणजे काय, हे आधी ठरवून घेऊ. मधल्या दर्जाच्या फोनइतक्या किंवा त्याहून कमी किमतीचा, सदऱ्याच्या खिशात मावणारा आणि लेन्स बदलता न येणारा कॅमेरा माझ्या मनात आहे. या वर्गातल्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. २०१० साली जगभरात सर्व प्रकारचे मिळून १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले आणि त्यांतले बहुसंख्य याच जातीचे होते. २०२३ साली सर्व प्रकारांची बेरीज ८० लाखांच्याही आत आली. स्मार्टफोनने हा बाजार खाल्ला, मोठ्या कंपन्यांनी स्वस्त मॉडेलांवर खर्च करणे थांबवले, आणि म्हणूनच आज दुकानात जे दिसते त्यातले बरेचसे तंत्र दहा वर्षांपूर्वीचे असते. खोक्यावरच्या नावावरही फार जाऊ नये. कोडॅकच्या नावाचे पिक्सप्रो कॅमेरे प्रत्यक्षात जेके इमेजिंग ही वेगळी कंपनी परवान्याने विकते. त्यात गैर काही नाही, परंतु वडिलांच्या रोलच्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून कोणी ते घेत असेल, तर ही गोष्ट त्याला माहीत असावी.

आता ते कडे पाहू. उदाहरणासाठी २०१४ साली बाजारात आलेला सोनीचा डब्ल्यू ८०० घेऊ. त्याच्या लेन्सचे आकडे आहेत ३.२ ते ६.४ आणि ४.६ ते २३. दुसरी जोडी केंद्रांतराची (फोकल लेंग्थची), मिलिमीटरमध्ये: २३ भागिले ४.६ म्हणजे पाच, म्हणून हा पाचपट झूम. पहिली जोडी अ‍ॅपर्चरची. केंद्रांतराला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागले की प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा व्यास मिळतो. झूम न करता हा व्यास दीड मिलिमीटरहूनही किंचित कमी भरतो. मधल्या दर्जाच्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे छिद्र साधारण तीन मिलिमीटरचे असते. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, आणि तेवढ्याच दृश्यातून तेवढ्याच वेळात प्रकाशही सुमारे चौपट. त्यातून फोन एका क्षणात अनेक फोटो घेऊन ते एकावर एक बसवतो आणि कमी उजेडात चित्रात उमटणारे दाणे पुसून टाकतो. त्यामुळे घरातला वाढदिवस, हॉटेलातले जेवण, संध्याकाळचे नाशिकचे गंगापूर धरण अशा रुंद आणि कमी उजेडाच्या दृश्यांत स्वस्त कॉम्पॅक्ट फोनच्या जवळपासही पोचत नाही. या हिशेबात ब्रँड बदलल्याने फरक पडत नाही.

झूम पूर्ण केला की मात्र पारडे फिरते. २३ भागिले ६.४ म्हणजे साडेतीन मिलिमीटरहून मोठे छिद्र, आणि त्यातून आलेला सगळा प्रकाश संपूर्ण सेन्सरवर पडतो. वेगळी टेलिफोटो लेन्स नसलेल्या फोनमध्ये पाचपट झूम म्हणजे मधला पंचविसावा भाग कापून मोठा करणे. ५० मेगापिक्सेलचे तिथे दोनच उरतात. रामकुंडाच्या एका काठावर उभे राहून पलीकडच्या पायऱ्यांवर अर्घ्य देणाऱ्या आजींचा चेहरा हवा असेल, तर सकाळच्या उन्हात हा साधा कॅमेरा तो सुरकुत्यांसह देतो. फोनच्या चित्रात त्याच जागी रंग फासल्यासारखे दिसते.

यातही एक अट आहे. झूम वाढवला की अ‍ॅपर्चर ३.२ वरून ६.४ वर जाते आणि सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर पडणारा प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो. कालिदास कलामंदिरात मुलीचे स्नेहसंमेलनातले नृत्य मागच्या रांगेतून टिपण्यासाठी कोणी हा कॅमेरा घेणार असेल, तर मी त्याला परावृत्त करीन. रंगमंचावरच्या दिव्यांत हात-पाय हलले की सगळे फिसकटते. हा झूम दिवसाउजेडीचा आहे. आणि तो पक्ष्यांचाही नाही. नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरलेली बदके मनोऱ्यावरून पाचपट झूमने ठिपकेच राहतात. तिथे पंचवीस ते चाळीसपट झूम लागतो. कॅननच्या पॉवरशॉट एसएक्स मालिकेत तसे खिशात मावणारे कॅमेरे निघाले, पण त्यांची किंमत आज आपण धरलेल्या मर्यादेत बसवणे कठीण.

मेगापिक्सेलविषयीही सांगतो. या कॅमेऱ्यावर २० मेगापिक्सेल लिहिलेले असतात, म्हणजे एक पिक्सेल सुमारे १.२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). प्रकाश लहान छिद्रातून जाताना पसरतो, ६.४ अ‍ॅपर्चरला एका बिंदूची चकती साधारण साडेआठ मायक्रॉनची, म्हणजे सात पिक्सेलांच्या रुंदीवर सांडणारी होते. लेन्सच जेवढे बारकावे पोचवत नाही, तेवढे पिक्सेल मोजून उपयोग काय? मेनूमध्ये दहा मेगापिक्सेल निवडावे. कार्डावर जागा उरते आणि गमावण्यासारखे फारसे काही नसते.

या वर्गातल्या बहुतेक कॅमेऱ्यांचा एक गुण लोक विसरून गेले आहेत, तो म्हणजे झेनॉन फ्लॅश. फोनवरचा एलईडी दिवा फोटो निघेपर्यंत मंद जळत राहतो. झेनॉनची ठिणगी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपते आणि तेवढ्या वेळात कोणी हलत नाही. बारशाला आठ-दहा जण पाळण्याभोवती दाटीवाटीने उभे असतील, तर तीन मीटरच्या आत या कॅमेऱ्याचा फोटो फोनपेक्षा ठळक निघतो. डोळे लाल होण्याची शक्यता मात्र गृहीत धरावी.

पांडवलेणीला उलट नियम लागू होतो. लेणे क्रमांक ३ मध्ये सातवाहन काळातला गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. कोरलेल्या अक्षरांवर समोरून फ्लॅश मारला की खोली नाहीशी होते आणि लेख वाचता येत नाही. तिथे फ्लॅश बंद करावा, आयएसओ, म्हणजे प्रकाशाला संवेदनशीलतेचा आकडा, १०० वर ठेवावा, कॅमेरा पिशवीवर टेकवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावून हात बाजूला घ्यावा. (ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, पिशवीला लागत नाही.) दगड हलत नसल्यामुळे शटर अर्धा सेकंद उघडे राहिले तरी चालते, आणि अशा वेळी लहान सेन्सरही स्वच्छ चित्र देतो. स्वस्त कॅमेऱ्याकडून चांगले काम करून घेण्याची माझ्या माहितीतली ही सर्वांत खात्रीची रीत आहे.

गैरसोयी मी भराभर सांगतो. बहुतेकांना डोळा लावायची खिडकी नसते, त्यामुळे दुपारच्या उन्हात पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो. एका चार्जिंगमध्ये दोनशेच्या आसपास फोटो निघतात. द्राक्षबागेत पानावरची भुरी किंवा डाऊनी (बुरशीचे रोग) टिपून सल्लागाराला तत्काळ पाठवायची असेल, तर फोनच घ्यावा. कार्ड काढून संगणकात घालेपर्यंत फवारणीची वेळ टळते. आणि रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडींपाशी, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदांपाशी, हा कॅमेरा मुळीच नेऊ नये. चालू करताच नळी बाहेर येणाऱ्या या लेन्सच्या सांध्यांत रंगाचे पाणी किंवा गुलाल शिरला की मोटर अडकते, पडद्यावर लेन्स एरर येते, आणि दुरुस्तीचा खर्च बहुधा कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ जातो.

शेवटी जुन्या बाजाराविषयी, कारण तरुण मंडळी सध्या सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरचे कॅमेरे शोधत हिंडत आहेत. त्या सेन्सरचा रंग जादूचा आहे, हे मला पटत नाही. त्या काळच्या रंगप्रक्रियेचा आणि समोरून पडणाऱ्या फ्लॅशचा त्यात मोठा वाटा आहे. सीसीडीवर व्हिडिओ घेताना दिव्यांपाशी उभ्या रेघा उमटतात, त्यामुळे गोदेच्या आरतीसाठी तो नको. तरीही घ्यायचा असेल, तर झूम पूर्ण पुढे-मागे करून आवाज ऐकावा, आभाळाकडे रोखून एक फोटो काढावा आणि त्यात करडे डाग दिसतात का ते मोठे करून पाहावे, बॅटरी फुगलेली नाही ना हे बोटाने चाचपावे. २००६ च्या आधीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत दोन जीबीपेक्षा मोठे कार्ड चालत नाही, आणि काहींना एक्सडी कार्ड लागते, जे आता नवे मिळणे दुरापास्त आहे. त्यामुळे कार्ड आणि चार्जर सोबत देत असतील, तरच किमतीची बोलणी सुरू करावी.