कुणाची नळी काढायची?

[दृश्य : टाकीचं झाकण उघडतं, वाफ]

आत तापमान उणे 196 अंश सेल्सिअस. द्रवरूप नायट्रोजनच्या या टाक्या फ्रान्समधल्या लियोंच्या. आहार आणि कर्करोग यांचा संबंध शोधणाऱ्या 'एपिक' या अभ्यासात दहा युरोपीय देशांतल्या पाच लाखांहून जास्त लोकांची नोंद झाली. बहुतेकांनी रक्तही दिलं.

[दृश्य : रंगीत नळ्या, जवळून]

सीरम, प्लाझ्मा, पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी. एका नळीत जेमतेम अर्धा मिलिलिटर. वितळवून वापरली की संपली. आणि तरीही नवी चाचणी निघाली की पहिली मागणी येते, "सगळ्यांचंच तपासू या."

कशाला?

[ॲनिमेशन : आडव्या रेषा]

एक रेषा म्हणजे एक माणूस. लाल ठिपका आला, म्हणजे कुणीतरी आजारी पडलं. त्याच क्षणी उभी रेघ मारा. ती ज्यांना छेदते, ते सगळे त्या वेळी निरोगी आणि अजून पाहणीत असलेले. हा जोखीम-संच. 1972 सालचं संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कॉक्स यांचं मॉडेल रुग्णाची तुलना या संपूर्ण संचाशी करतं. 1977 मध्ये डंकन थॉमस यांनी सुचवलं की त्यातले मोजकेच चिठ्ठ्या टाकून निवडा. हीच नेस्टेड केस-कंट्रोल पद्धत : केस म्हणजे रुग्ण, कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी निवडलेला माणूस.

आता ही तिसरी रेषा बघा. तुलनेसाठी निवडलेला हा माणूस पुढे स्वतःच आजारी पडला. त्याला वगळायचं? नाही. निवडीच्या क्षणी तो निरोगी होता. पुढचं माहीत आहे म्हणून त्याला मागे जाऊन गाळलं, तर निष्कर्षच कलतो. नवशिके हमखास इथेच अडखळतात.

[ॲनिमेशन : वाढत जाणारा स्तंभ]

रक्तात तपासायच्या घटकाचा आजाराशी संबंध नसेल, तर एका रुग्णामागे एक कंट्रोल घेऊन पूर्ण गटाच्या तुलनेत 50 टक्के कार्यक्षमता, म्हणजे अंदाजाची अचूकता, मिळते. चार घेतले तर 80. पाचवा घेतला तर 83. दहा-दहा नळ्या मागणाऱ्यांनी झाकण उघडण्याआधी एवढा हिशोब करावाच.

[दृश्य : यादीवर फिरणारा कर्सर]

1986 मध्ये रॉस प्रेंटिस यांनी दुसरी वाट दाखवली, केस-कोहॉर्ट. सुरुवातीलाच एक उपगट चिठ्ठीने काढायचा आणि तोच अनेक आजारांच्या अभ्यासासाठी वापरायचा. 'एपिक'मधल्या मधुमेहाच्या 'इंटरॲक्ट' प्रकल्पात 3,40,234 जणांमधून 12,403 नवे रुग्ण घेतले आणि उपगट 16,154 जणांचा. काही नावं दोन्हीकडे आहेत, ते चालतं.

रुग्ण मुद्दाम जास्त उचललेले असल्यामुळे विश्लेषणात भारांक, म्हणजे प्रत्येकाला कमी-जास्त वजन, द्यावे लागतात आणि प्रमाण त्रुटीही, म्हणजे अंदाज किती डळमळीत आहे याचं माप, वेगळ्या रीतीने काढावी लागते. नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे.