पाणी आलं की रेंज जाते

मंडळी, गेल्या पावसाळ्यात आत्तीचा फोन आला. म्हणाली, "अरे, सकाळी नळाला पाणी आलं की नातवाचं वायफाय जातंय बघ. रोज बघतेय मी." आत्ती मंगळवार पेठेत राहते. जुनं घर, खालच्या दगडी भिंती दीड-दोन फूट जाडीच्या, वर नंतर चढवलेली स्लॅबची खोली. राऊटर खाली सोप्यात, पोरगा वरच्या खोलीत, आणि त्याचा क्लास नऊला. तोवर तिघंजण येऊन गेले होते. एकानं राऊटर बदलला, दुसऱ्यानं रेंज पुढं ढकलणारा रिपीटर लावला, तिसऱ्यानं मोठा प्लॅन घ्यायला सांगितलं. मोजलं मात्र कुणीच नव्हतं.

मोजायचं कसं, हे आधी सांगतो. फोनवरच्या काड्यांवर जाऊ नका. किती रेंजला किती काड्या दाखवायच्या, हे प्रत्येक कंपनी आपल्या मनानं ठरवते. अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर म्हणून शोधलं की फुकटची अ‍ॅप मिळतात, ती डीबीएममध्ये, म्हणजे रेंजच्या ताकदीच्या मापात, आकडा दाखवतात. हा आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. राऊटरशेजारी उणे ३५-४०, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभावतो, उणे ८० ला कनेक्शन नावापुरतं. तीन डीबी घटले की ताकद निम्मी होते, दहा घटले की दहावा हिस्सा उरतो. एकाच जागी बसलात तरी आकडा थोडा नाचणारच. लाटा भिंतींवर, कपाटांवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी फोनपर्यंत येतात, कुठं एकमेकींना जोर देतात, कुठं मारतात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या लाटेची लांबी साडेबारा सेंटिमीटर, त्यामुळं फोन चार बोटं सरकवला तरी फरक पडतो. अर्धा मिनिट बघा आणि मधला आकडा धरा.

मी पोराला वही दिली. वेळ, जागा, आकडा, आणि राऊटरला केलेला पिंग, म्हणजे राऊटरला हाक मारली की उत्तर यायला लागणारा वेळ. राऊटरचा पत्ता बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१ असतो. त्याचं उत्तर दोन-चार मिलिसेकंदांत येतंय आणि तरी बाहेरची साइट उघडत नसेल, तर घरातली हवा ठीक आहे, बाहेरच्या लायनीची तक्रार करा. राऊटरच उशिरा उत्तर देत असेल, तर दुखणं घरातच आहे.

चार दिवसांची वही बघितली आणि दुखणी दोन निघाली. सकाळी पाणी येऊन गेलं की वरच्या खोलीत आकडा उणे ५८ वरून उणे ७२ वर घसरायचा. रात्री आठ ते दहा आकडा ५८ वरच असायचा, पण राऊटरचा पिंग दोनशे मिलिसेकंदांच्या पुढं जायचा. तिघांनीही या दोन्हींना 'रेंज नाही' हे एकच नाव दिलं होतं.

जिन्याच्या वळणावर पाचशे लिटरची प्लॅस्टिकची टाकी आहे, राऊटर आणि वरची खोली यांच्या बरोबर मधे. रात्रीपर्यंत ती रिकामी होते, सकाळी काठोकाठ भरते. रिकामं प्लॅस्टिक लाटेला अडवत नाही, पाणी तिला शोषून घेतं. मायक्रोवेव्ह ओव्हन ओलं अन्न तापवतो तो याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झला. रविवारी धुण्याचा दिवस होता. आत्ती खाली बादल्या भरत होती आणि मी वर फोन धरून बसलो होतो. पाणी उतरेल तसा आकडा चढत गेला, उणे ७२, ६८, ६३, शेवटी ५९. वहीतला ५८ ते ७२ चा फरक चौदा डीबी, म्हणजे टाकी भरली की जेमतेम पंचविसावा हिस्सा वर पोचत होता. आत्तीनं बरोबर पकडलं होतं. घरात चोवीस तास वावरणाऱ्या माणसाचं आधी ऐकावं, हे मी त्या दिवशी शिकलो.

राऊटर लोखंडी कपाटाच्या आडून काढला आणि समोरच्या भिंतीला सात फूट उंचीवर लावला, टाकी वाटेतून गेली. अँटेना उभी असली की लाट आजूबाजूला पसरते, डोक्यावर कमी जाते. वर खोली असेल तर एक अँटेना आडवी करून बघा. आकडा उणे ५४ झाला, आणि टाकी भरली तरी तिथंच राहिला.

रात्रीचं दुखणं निराळं. खासबाग मैदानात कुस्ती रंगली की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, त्याचा आवाज तेवढाच असतो, गलका वाढलेला असतो. पेठेत भिंतीला भिंत, अ‍ॅपमध्ये सव्वीस नेटवर्क दिसली. २.४ च्या पट्ट्यात चॅनेल, म्हणजे राऊटरनी बोलायच्या वाटा, तेरा असले तरी एकमेकांना न घासणारे तीनच धरायचे, १, ६ आणि ११. आत्तीचा राऊटर 'ऑटो'वर होता आणि जाऊन बसला होता ३ वर. मधे मोकळी जागा आहे असं वाटतं, पण तिथं दोन्हीकडचा त्रास होतो. एकाच चॅनेलवरचे राऊटर एकमेकांचं ऐकून पाळीनं बोलतात, अर्धवट घासणाऱ्यांचा नुसता गोंगाट होतो. आम्ही ११ धरला, चॅनेलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली. पिंग पन्नासच्या आत आला. वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल भरपूर आणि शेजाऱ्याची लाट भिंतीत अडते, पण आपलीही अडते. म्हणून शेवटी वर केबल ओढली आणि जुना राऊटर तिथं अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलनं आलेलं नेट वायफायनं द्यायला, लावला. माझं स्पष्ट मत आहे, दगडी घरात केबलला तोड नाही. साधा रिपीटर एकाच रेडिओवर घेतो आणि देतो, त्यात वेग निम्म्यावर येतो. त्यातून तो बसवला होता वरच्या खोलीतच, जिथं मुळात रेंज नव्हती.

राऊटरचा जुना अ‍ॅडॉप्टर तापत असेल तर बदला, आणि यूएसबी ३ ची हार्डडिस्क राऊटरला चिकटवून ठेवू नका, त्यानंही वायफाय बिघडतं.

आता या हॉलचा राऊटर स्टेजमागं, लोखंडी शटरच्या पलीकडं आहे. फोन काढा, अ‍ॅप उघडा. मागच्या रांगेपासून सुरुवात करूया. काका, तुमच्याकडं किती दाखवतंय? मोठ्यानं सांगा, मी फळ्यावर लिहून घेतो.