सहा जानेवारीला झाड कुठे जाणार?

मंडळी, डिसेंबर लागला की हा प्रश्न हमखास येतो: ख्रिसमस ट्री खरं आणायचं की प्लास्टिकचं? विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. दहा दिवसांच्या हौसेसाठी जिवंत झाड कशाला तोडायचं, प्लास्टिकचंच बरं. दसऱ्याला ओरबाडलेले आपटे पाहिलेल्या आपल्यासारख्यांना असं वाटणारच. पण इथे ब्रिटनमध्ये विकायला येणारी झाडं जंगलातून आणलेली नसतात, शेतात पिकवलेली असतात.

इथे सर्वांत जास्त खपतो नॉर्डमन फर, एक सूचिपर्णी वृक्ष. मूळचा काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामधल्या कॉकेशस डोंगराळ प्रदेशाचा. त्याचं बरंचसं बी आजही तिथल्या जॉर्जिया देशाच्या डोंगरांतून येतं. माणसं उंच झाडांवर चढून शंकू उतरवतात. रोप पुरुषभर उंच व्हायला दहाएक वर्षं जातात. तोवर मधल्या गवतासाठी काही शेतकरी श्रॉपशर जातीच्या मेंढ्या सोडतात. या मेंढ्या गवत खातात आणि फरला सहसा तोंड लावत नाहीत. तणनाशक वाचतं, वर लोकर मिळते.

आता हिशेब. कार्बन ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेने दोन मीटर उंचीच्या झाडांचं गणित मांडलं आहे. प्लास्टिकच्या झाडामागे कार्बन डायऑक्साइडच्या मापाने सुमारे ४० किलो उत्सर्जन होतं. खरं झाड सणानंतर जाळलं किंवा त्याचा चुरा केला, तर साधारण ३.५ किलो. आणि तेच झाड कचराडेपोत गाडलं गेलं तर १६ किलो! झाड तेच, शेत तेच, तरी चौपटीहून जास्त फरक. कारण ढिगाखाली हवा पोचत नाही, आणि हवेवाचून लाकूड कुजलं की मिथेन सुटतो, जो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता अडकवतो.

म्हणून मी दुकानात जाण्याआधी, सहा जानेवारीला सजावट उतरली की झाड कुठे जाईल, हे कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, विचारून घ्यायला सांगते. बऱ्याच कौन्सिल जानेवारीत झाडं गोळा करून चुरा करतात, तो बागांत पसरला जातो. लँकेशरला सेंट ॲन्सच्या किनाऱ्यावर तर जुनी झाडं वाळूत रोवतात. वाऱ्याने उडणारी वाळू त्यांत अडकते आणि टेकड्या वाढतात. मला हा शेवट फार आवडतो.

प्लास्टिकच्या झाडाला असा शेवट नाही. पीव्हीसी आणि लोखंडी तार एकमेकांत गुंतलेली, ती वेगळी करत बसायला कोण तयार होणार? पण तुमच्या माळ्यावर ते आधीच असेल, तर कृपा करून टाकू नका. चुरा होणाऱ्या खऱ्या झाडाची बरोबरी करायला त्याला बारा ख्रिसमस तरी काढावे लागतील. रंग उडाला तर उडू दे, दिवे लावल्यावर कुणाला दिसतंय?

कुंडीतलं झाड घेणार असाल, तर ते कुंडीतच वाढलंय की जमिनीतून उपटून कुंडीत बसवलंय, एवढं विचारून घ्या. उपटताना मुळं तुटतात, मग ते जगणं कठीण. खोली गरम करणाऱ्या रेडिएटरपासून लांब ठेवा, माती ओली राहू द्या, आणि दहा-बारा दिवसांत बाहेर काढा.