५८ पैकी १५, ६१ पैकी १

(पडद्यावर: मेणाचा छोटा ठोकळा. यंत्राच्या पात्यावरून एक काप सुटतो, कोमट पाण्यावर तरंगतो, काचपट्टीवर उचलला जातो.)

फुप्फुसातून काढलेला कर्करोगाच्या गाठीचा हा तुकडा नखाएवढाही नाही. त्याचा काप केसाहून पातळ. कुठलं औषध लागू पडेल, ते यातून कळतं. वीसेक वर्षांपूर्वी मात्र डॉक्टर अंदाजच बांधायचे. बाई की पुरुष, सिगारेट ओढते की नाही, आणि वंश कोणता?

गेफिटिनिब ही फुप्फुसाच्या कर्करोगावर रोज घ्यायची गोळी. जपानमध्ये २००२ला आली, अमेरिकेत २००३ला. बहुतेकांना तिचा गुण आला नाही, पण काहींच्या गाठी बघता बघता आटल्या. त्यांत कधीच सिगारेट न ओढलेल्या बायका जास्त, जपानी जास्त.

२००४ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी गाठींतलं ईजीएफआर हे जनुक तपासलं. जपानी रुग्णांच्या ५८ गाठींपैकी १५ मध्ये त्यात बिघाड निघाला, अमेरिकेतल्या ६१ पैकी एकीत. हे जनुक म्हणजे पेशीच्या वाढीचं बटण. बिघडलं की दाबलेलंच राहतं. गोळी नेमकी तिथेच काम करते.

हा बिघाड सहसा आईवडिलांकडून येत नाही, तो गाठीतच होतो. तरी वारशाचा हात अगदीच नाही असंही नाही. मेक्सिको आणि कोलंबियातल्या हजाराहून जास्त गाठींचा अभ्यास २०२१ मध्ये आला. कागदोपत्री हे सगळे ‘लॅटिनो’. पण ज्यांच्या रक्तात अमेरिकेच्या मूलनिवासींचा वाटा मोठा, त्यांच्यात हा बिघाड जास्त. सिगारेटचा हिशेब वेगळा काढला तरीही.

म्हणजे वंश पाहून गोळी द्यायची? त्याचा निकाल २००९ मध्येच लागला होता. ही गोळी आणि केमोथेरपी यांची तुलना करणाऱ्या ‘आयपास’ चाचणीतले १,२१७ रुग्ण पूर्व आशियातले, बहुतेक सिगारेट न ओढणारे. अंदाजाप्रमाणे गोळीसाठी अगदी योग्य. ज्यांच्या गाठीत बिघाड होता, त्यांचा आजार गोळीने केमोपेक्षा जास्त काळ रोखला. ज्यांच्यात नव्हता, त्यांना केमोच बरी ठरली. गोळीवर असताना त्यांचा आजार लवकर बळावला. वंश तोच, निकाल उलटा.

आणि ‘आशियाई’ म्हणजे तरी कोण? अ‍ॅडिनोकार्सिनोमा या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या प्रकारात हा बिघाड पूर्व आशियात साधारण निम्म्या रुग्णांत दिसतो, युरोपीय वंशाच्या लोकांत दहा-पंधरा टक्क्यांत. मुंबईच्या टाटा मेमोरियलने ९०७ भारतीय रुग्ण तपासले, तेव्हा आकडा आला २३ टक्के. ना इकडचा, ना तिकडचा.

त्या २३ टक्क्यांत बायका आणि धूम्रपान न करणारे जास्त होते, हे खरं. पण धूम्रपान करणारेही होते, पुरुषही होते. नुसत्या अंदाजावर गेलं असतं, तर त्यांच्या गाठीची ही तपासणी कुणी सांगितलीच नसती.