उड्या मारणारी गाडी

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या आजच्या भाषणाचा विषय छापलाय ‘अभियांत्रिकीच्या सर्व विषयांतून प्रकल्पाधारित शिक्षण’. हे नाव माझं नाही. मी ‘गाडी उड्या का मारते’ असं कळवलं होतं, ते आयोजकांना पुरेसं भारदस्त वाटलं नसावं. तरी सुरुवात गाडीपासूनच करतो.

दुसऱ्या वर्षाची चार मुलं काळ्या पट्टीवरून चालणारी छोटी गाडी घेऊन माझ्याकडे आली. बटण दाबलं की गाडी बोटभर पुढे जायची, थांबायची, पुन्हा बोटभर. थेट बेडूक! तीन आठवडे ही मंडळी प्रोग्रॅममधली चूक शोधत होती. फायलींची नावं फायनल, फायनल दोन, खरंच फायनल. हसताय, म्हणजे तुमच्याकडेही आहेत.

व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर लावला तर आकडा नुसता थरथरत होता. मग ऑसिलोस्कोप जोडला, म्हणजे व्होल्टेजचा क्षणोक्षणीचा चढउतार रेघेनं दाखवणारं यंत्र. मोटरी सुरू झाल्या की बॅटरीची रेघ धाडकन खाली, आणि त्याच क्षणी मायक्रोकंट्रोलर, म्हणजे गाडीचा मेंदू असलेली चिप, रीसेट. रीसेट झाला की मोटरी बंद, रेघ वर, प्रोग्रॅम पुन्हा पहिल्या ओळीपासून. फळ्यावर हिशोब मांडला. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी, तिच्या आतला अडथळा, म्हणजे अंतर्गत रोध, साधारण २ ओहम. दोन मोटरी सुटताना मिळून २ अँपिअर ओढतात. म्हणजे ४ व्होल्ट बॅटरीच्या पोटातच जिरले, बाहेर आले ५. आणि बोर्डावरच्या, व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला किमान ७ तरी लागतात.

एक मुलगी बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “सर, तो पुस्तकातला स्मॉल आर... म्हणजे हा?”

अंतर्गत रोधाच्या गणिताला तिला पैकीच्या पैकी मार्क होते. सहा महिन्यांपूर्वी.

आता थोडी माझी तक्रार ऐका. मी शिकत होतो तेव्हा प्रोजेक्ट एकच, शेवटच्या वर्षी, आणि त्याचा अहवाल सोनेरी अक्षरांत बांधलेला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी समासाची रुंदी पट्टीनं मोजली. यंत्र चालू करून दाखवा, असं कुणी म्हटलं नाही. एका परीनं बरंच झालं, कारण ते चालत नव्हतं. ते का चालत नव्हतं, हे मला अजून ठाऊक नाही, आणि खरं दुखणं तेच आहे. बंद पडलेल्या वस्तूशी झुंजायला वेळच उरत नाही, कारण ती बंद पडते तोवर पदवी हातात आलेली असते.

हातानं करून शिकणं हे काही नवं खूळ नाही बरं का. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयानं कार्यशाळेतल्या शिक्षणाचे नमुने मांडले होते. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष रंकल ते बघून इतके भारावले की त्यांनी आपल्या संस्थेत तशी कार्यशाळा सुरू करवली. डेन्मार्कमधलं ऑलबोर्ग विद्यापीठ तर १९७४ मध्ये उभं राहिलं तेच गटानं करायच्या प्रकल्पांवर. तिथली गंमत...

आयोजकांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरली. म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते आता धावत सांगायचं.

तर, गाडी एकच ठेवा आणि ती चारही वर्षं फिरवा. सर्किटच्या तासाला बॅटरी, यांत्रिकीला वळणावर कलंडणं, कंट्रोलला पट्टीभोवतीचं डुलणं, मटेरियल्सला सांगाड्याची तडा गेलेली पट्टी. सीडीआयओ या अभियांत्रिकी शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय चौकटीच्या निकषांत निदान दोन ‘रचा आणि बांधा’ अनुभव मागितलेत, एक सुरुवातीच्या पातळीवरचा आणि एक प्रगत. आपण पहिला गाळतो आणि दुसऱ्याचं बाइंडिंग करतो.

मार्क दुसऱ्या आवृत्तीला द्या. पहिली मोडणारच. काय मोडलं आणि काय बदललं याची वही तपासा. चौघांत एकच राबतो ही तक्रार खरी आहे. म्हणून तोंडी परीक्षा एकेकट्याची, आणि प्रश्न त्याच वहीतले. ‘मग थिअरी कधी शिकवायची?’ गाडी उड्या मारायला लागली की लगेच, त्याच आठवड्यात. त्यासाठी वेळापत्रक चार विभागांनी एकत्र बसून करावं लागेल. हो, तुमचे चेहरे दिसताहेत मला. गाडी सोपी आहे, ती बैठक अवघड आहे.

दुसरी चिठ्ठी. थांबतो. गाडी बाहेरच्या टेबलावर आहे. मोटरी आणि बोर्ड मुद्दाम एकाच बॅटरीवर ठेवलेत. ऑसिलोस्कोप शेजारीच आहे.