कवडसा कुठे पडू द्यायचा?

[दृश्य : रत्नागिरी जिल्ह्यातलं एक कौलारू घर. माजघर. सकाळचे दहा.]

या माजघराला एकही खिडकी नाही. पुढे ओटी, मागे स्वयंपाकघर, दोन्ही अंगांना खोल्या. तरी भरदिवसा इथे दिवा लावावा लागत नाही. वर पाहा. लाल कौलांच्या रांगेत एकच कौल काचेचं आहे. आकार तोच, खाचा त्याच, शेजारच्या कौलांत तसंच अडकवलेलं. मंगळूरला जेप्पू इथे बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. त्या घडणीची कौलं कोकणात घरोघर चढली आणि त्याच मापाचं काचेचं कौलही मिळू लागलं. रिपा हलवायच्या नाहीत, वासा कापायचा नाही. एक कौल काढायचं, दुसरं बसवायचं. जागा व्यापते ती जेमतेम फूटभर, पण तांदूळ निवडायला तेवढा उजेड पुरतो.

घाटावर माळवदाच्या घरांना साणं असतं. मातीच्या धाब्यात मुद्दाम ठेवलेलं भोक. चुलीचा धूर त्यातून वर जातो, उजेड खाली येतो. पाऊस आला की कुणीतरी धावत वर जाऊन त्यावर झाकण ठेवायचं.

आज स्लॅबच्या घरात आपण ज्याला स्कायलाइट म्हणतो, ते हेच. फरक इतकाच, की कौल चुकलं तर दुसऱ्या दिवशी हलवता येतं. स्लॅबला पाडलेलं भोक जन्माचं.

[दृश्य : जमिनीवर सरकणारा कवडसा. शेजारी खडूच्या खुणा.]

हा गोल कवडसा दोन कौलांच्या फटीतून आला आहे. फट वेडीवाकडी, पण कवडसा गोल, कारण ती खुद्द सूर्याची प्रतिमा आहे. सूर्यग्रहणात इथेच जमिनीवर चंद्रकोर उमटते. फट दहा फुटांवर असेल, तर भर दुपारी हा कवडसा चार मिनिटांत सुमारे दोन इंच सरकतो. खडूने खुणा करत बसा, तासाभरात तो केवढा पल्ला गाठतो ते दिसेल. आज जो उजेड देवघरापाशी हवा म्हणून भोक पाडाल, तो तासाभराने पाळण्यावर आलेला असेल.

म्हणून माझं सांगणं असं, की कॅटलॉग मागवण्याआधी ज्या खोलीत उजेड हवा तिथे एक पूर्ण दिवस बसा. कौलारू घर असेल तर एक कौल काढून ठेवा. डिसेंबरात एकदा, मे महिन्यात एकदा. दोन्ही वेळच्या खुणा एकमेकींपासून इतक्या लांब पडतात की बघून नवल वाटतं.

हे सांगावं लागतं, कारण छपरातल्या खिडक्यांचे नमुने बहुतेक थंड देशांतून आलेत. व्हेलक्स हे या धंद्यातलं मोठं नाव, कंपनी १९४१ सालची, डेन्मार्कची. कोपनहेगनला सूर्य ऐन उन्हाळ्यातही क्षितिजापासून ५८ अंशांच्या वर चढत नाही आणि डिसेंबरात दुपारी बारालाही तो जेमतेम ११ अंशांवर असतो. तिथे छपरातून येणारं ऊन म्हणजे चैन. आपल्याकडे पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो, पायाखालची सावली नाहीशी होते. स्वच्छ दुपारी चौरस मीटरला जवळजवळ १००० वॅट उष्णता उतरते. दोन फूट बाय तीन फुटांची आडवी काच छताला बसवली, तर एप्रिल-मेच्या दुपारी तिच्यावर पाचशे वॅटच्या हीटरएवढं ऊन ओततं. काच त्यातलं काही परतवते, उरलेलं तुमच्या डोक्यावर.

[दृश्य : करवतीच्या दात्यांसारखं गिरणीचं छप्पर.]

याला उत्तर आपल्या गिरण्यांनी शोधून ठेवलं होतं. साचाखात्याची, म्हणजे जिथे माग चालत त्या विभागाची छपरं आठवा, करवतीच्या दात्यांसारखी. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तिचं तोंड उत्तरेला. ऊन आत नाही, उजेड मात्र दिवसभर सारखा. तुटलेला धागा त्या उजेडात लगेच दिसायचा. घरातही हेच करा. स्लॅबवर दीड-दोन फूट उंच पेटी उठवायची, तिला वरून झाकायचं आणि उत्तरेच्या उभ्या अंगाला काच लावायची. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला कलतो, पण पुण्यात फार तर पाच अंश. वीतभर छज्जा त्याला पुरतो. सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन आत डोकावतं, ते सोसवतं. आणि पक्क्या काचेऐवजी उघडणारी काचेची झडप घेतली, तर वर साठलेली गरम हवाही निघून जाते. माझ्या मते महाराष्ट्रातल्या घराला याहून चांगला स्कायलाइट नाही.

[दृश्य : गच्ची. ढग भरून आलेले.]

आता पाणी. आमच्या पुण्याच्या घरी जिन्यावर पॉलिकार्बोनेटचा घुमट बसवला होता. बसवणाऱ्याने तो गच्चीच्या कोब्याला टेकवला आणि कडेने सिलिकॉन भरून दिलं. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या जूनमध्ये आईला पहाटे जिन्याच्या पायरीवर ओल लागली. ती घसरली, कठडा हाताशी होता म्हणून वाचली. सिलिकॉन कडेने सुटलं होतं, नख घातलं तर पट्टीच हातात आली. दोष सिलिकॉनचा नव्हता. पाणी अडवण्याचं काम त्याच्यावर सोडायलाच नको होतं. भोकाभोवती सिमेंटचा कठडा हवा, गच्चीच्या पक्क्या पातळीपासून निदान सहा इंच उंच. कठडा आणि गच्ची जिथे भेटतात तिथे गवंडी गोलसर वाटा मारतो, म्हणजे तो कोपरा सिमेंटने भरून गोल करतो; वॉटरप्रूफिंग त्या वाट्यावरून कठड्याच्या माथ्यापर्यंत न्यायचं. आणि झाकणाची कड कठड्याच्या बाहेर लोंबती, म्हणजे पागोळी बाहेरच पडते.

पॉलिकार्बोनेटचा दोन मीटरचा पत्रा तापमान तीस अंशांनी चढलं की साधारण चार मिलिमीटर लांबतो. स्क्रूची भोकं घट्ट ठेवली तर तो तिथेच तडकतो. त्याची उन्हाला टिकणारी बाजू बहुधा एकच असते, ती वर ठेवायची. उलटा बसवलेला पत्रा लवकर पिवळा पडतो. काच घेणार असाल तर डोक्यावर लॅमिनेटेडच घ्या. नुसती टफन्ड काच फुटली की तिचे खडे खाली कोसळतात, लॅमिनेटेड काचेचे तुकडे मधल्या पडद्याला चिकटून राहतात. नारळाचं झाड वर झुकलेलं असेल, गच्चीवर माकडं येत असतील, तर काचेवर लोखंडी जाळी हवीच. गच्चीवर खेळणाऱ्या मुलांसाठी तर ती हवीच हवी. कुठलाही पारदर्शक पत्रा पाय ठेवण्याजोगा नसतो.

तयार स्लॅब कापायचा असेल, तर इंजिनिअरने सळयांची जागा पाहून खूण केल्याशिवाय कटर लावू देऊ नका. सोसायटीत गच्ची सगळ्यांची असते, तिथे परवानगी आधी.

[दृश्य : मे महिन्याची अखेर. गच्चीच्या पन्हळीला बोळा. कठड्याभोवती साचलेलं पाणी.]

आम्ही कठडा बांधून घेतला आणि पावसाची वाट पाहिली नाही. पन्हळीला बोळा लावून गच्चीवर तीन इंच पाणी कोंडलं, चोवीस तास. आई जिन्यात खाली स्टूल टाकून बसली होती. दर थोड्या वेळाने उठून भिंतीला पालथा हात लावायची, पुन्हा बसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वर हाक मारली, "सोड आता पाणी. कोरडं आहे."