हाक ऐकू जाईल एवढं घर

श्रोतेहो, नमस्कार.

आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, होऊन गेली. लेकी माहेरी आल्या, झोके खेळल्या, खापरावरचे मांडे खाल्ले आणि पुन्हा नाशिक, पुणे, सुरतेच्या गाड्यांत बसल्या. मुलगे तर आधीच गेलेले. मागं उरलं काय? आठ खोल्यांचं घर, मोठमोठी पातेली आणि दोन माणसं. आज त्या दोन माणसांविषयी बोलू या.

माझे थोरले मामा अमळनेर तालुक्यातल्या एका गावी राहतात. तिन्ही लेकरांना एकेक खोली मिळावी म्हणून त्यांनी जुनं धाब्याचं घर पाडलं आणि दुमजली स्लॅबचं बांधलं. आता निघालंच आहे तर सांगून टाकतो, धाबी पाडली ही आपण खानदेशी माणसांनी मोठी चूक केली. हातभर जाड मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. बाहेर 45 अंश तापलं तरी आत माणूस दुपारी निवांत घोरायचा. आता स्लॅबखाली रात्री बारालासुद्धा पंखा गरम वाराच फेकतो. असो.

तर मुलं गेली. गुडघ्यांमुळे मामी खाली स्वयंपाकघराशेजारी झोपू लागल्या. मामा मात्र वरच्याच खोलीत. का, तर वर वारा येतो आणि रस्ता दिसतो. मधे 19 पायऱ्या. मामींचा हाका मारून घसा बसायचा आणि मामांना ऐकू यायचं नाही. शेवटी धाकट्यानं दोघांना मोबाईल घेऊन दिले आणि मामींनी पद्धत बसवली. एक मिस कॉल म्हणजे चहा. दोन म्हणजे जेवण. तीन म्हणजे पाहुणे आलेत, सदरा घालून खाली या. एका घरात नवराबायको मिस कॉल देतात म्हणून गल्लीभर हसू झालं. मामा म्हणायचे, "पैसे पडत नाहीत, घसा बसत नाही, तुमचं काय जातं?"

एकदा हिवाळ्यात सकाळी सकाळी दोघांचं वाजलं. कारण भरीत. मामांनी खास बामणोदची वांगी आणली होती आणि मामींनी ती गॅसवर भाजली. कपाशीच्या काड्यांवर न भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणू नये, या बाबतीत मी मामांच्या बाजूचा आहे. पण ते बोलले जरा जास्तच.

दुपारी चारला चहाचा मिस कॉल यायचा. चार वाजले. साडेचार झाले. मामांना वाटलं, राग उतरला नाही अजून. बसू दे फुगून, मीही खाली जात नाही. त्यांनी पेपर दुसऱ्यांदा वाचला, टेंडरच्या जाहिरातींसकट. पाच वाजले. फोन गप्पच.

आणि खाली मामी न्हाणीत पडलेल्या. गुळगुळीत फरशी, साबणाचं पाणी. फोन राहिला ओट्यावर. हाक वर पोचेना. मग त्या तांब्या घेऊन बादलीवर ठोकत राहिल्या. तो आवाज मामांनी ऐकला बरं का. त्यांना वाटलं, रागानं भांडी आपटतेय!

शेवटी शेजारची सून धावत आली, तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. हाड मोडलं नाही, नशीब. मुका मार, आठ दिवस शेक. मामा खाटेजवळ नुसते उभे. मामी आमच्या अहिराणीत एवढंच म्हणाल्या, "तुमले चहानी याद वनी, मनी नही वनी." म्हणजे, तुम्हाला चहाची आठवण आली, माझी नाही आली.

दुसऱ्या दिवशी मामांनी आपली खाट खाली आणली.

म्हणून म्हणतो, हाक ऐकू जाईल एवढंच घर वापरा. घर कितीही मोठं असू द्या, पण दोघांचं राहणं हाकेच्या अंतरात हवं. झोपणं, स्वयंपाक, न्हाणी, संडास एकाच मजल्यावर आणा. न्हाणीत खरखरीत फरशी बसवा आणि भिंतीत पक्की दांडी. टॉवेलची दांडी नव्हे, ती ऐन वेळी हातात येते. खाटेवरून हात पोचेल असं दिव्याचं बटण. गवंड्याचं काम फार नाही, त्याला गाठणं तेवढं अवघड.

वरचा मजला मामांनी एका मास्तरांना भाड्यानं दिला. चौकात सगळे सांगतात, 11 महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही. आपल्या महाराष्ट्रात हे खरं नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. पुन्हा सांगतो, 11 महिन्यांचा असला तरी.

आणि घर मुलांच्या नावावर करायची घाई नको. मुलं वाईट असतात म्हणून नाही, माझीही दोन आहेत. पण बक्षीसपत्र करायचंच असेल तर "आमचा सांभाळ करायचा" ही अट त्या कागदातच लिहा. सांभाळ झाला नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातल्या कलम 23 खाली ते रद्द करून मागता येतं. अट तोंडी नको. कागदावर हवी. अडचण आली तर ज्येष्ठांसाठी फोन नंबर आहे 14567. लिहून घ्या, एक चार पाच सहा सात.

मुलं येत नाहीत म्हणून कुरकुरत बसणाऱ्यांना मी एकच सांगतो, तुम्ही जा की! एसटीला 65 पासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडली की फुकट. चार दिवस राहा, पाचव्या दिवशी परत या. सुनेच्या ओट्यावरचे डबे मात्र हलवू नका.

यंदा आखाजीला मामेबहीण आली, तिची खोली भाड्यानं गेलेली पाहून जरा हिरमुसली. रात्री पोरंसोरं गच्चीवर झोपली, मामा-मामी खाली ओसरीवर. मिस कॉल मात्र बंद झालेले नाहीत. मामा आता ओसरीवरून स्वयंपाकघरात, दहा पावलांवर, एक मिस कॉल देतात. दुसऱ्या चहासाठी. मामी फोनकडे बघतसुद्धा नाहीत.

नमस्कार.